न पडलेल्या घरांचा पंचनामा

२१ जुलै २०२३ रोजी पहाटे चार वाजून नऊ मिनिटांनी जयपूर शहर हादरून जागे झाले. पहिला धक्का ४.४ महत्तेचा होता. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत ३.१ आणि ३.४ महत्तेचे आणखी दोन धक्के आले. आमच्या वसाहतीतील मंडळी अंगणात जमली. कोणी चपला विसरले होते, कोणी घराच्या किल्ल्या. उजाडेपर्यंत शहरात विशेष पडझड झाली नसल्याचे स्पष्ट झाले आणि सर्वजण चहा घ्यायला आपापल्या घरी परतले. परतताना एका शेजाऱ्यांनी सहज विचारले, "साहेब, आपल्या इमारतीचा विमा आहे ना?"

मी सरकारी नोकर, त्यातून अर्थशास्त्राचा विद्यार्थी. तेव्हा याचे उत्तर मला ठाऊक असणार, असे त्यांनी गृहीत धरले असावे. घरी येऊन गृहकर्जाचे कागद काढले. विमा होता, पण त्याची रक्कम घर पुन्हा बांधायला किती खर्च येईल यावरून ठरलेली नव्हती, त्या वेळी कर्ज किती शिल्लक होते यावरून ठरलेली होती. म्हणजे तो विमा मुख्यतः कर्ज देणाऱ्याचा होता, राहणाऱ्याचा नव्हे. दोष माझाच, सही करताना मी तो कागद वाचला नव्हता.

या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा मनात आला. जमीन हादरली तर घरांचे किती नुकसान होईल आणि त्यातले किती विमा कंपन्यांना भरावे लागेल, हे आगाऊ ठरवतात तरी कसे? या विद्येचा इतिहास बराचसा प्रशासनाच्या दप्तरांचा इतिहास आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्राबाहेर घरे घेतलेल्या वाचकांना तो उपयोगी पडेल, असे वाटते. (मते अर्थातच वैयक्तिक आहेत.)

महत्ता आणि तीव्रता

आरंभी एक भेद स्पष्ट करतो. भूकंपाची महत्ता, म्हणजे वर्तमानपत्री भाषेत 'रिश्टर', ही त्या भूकंपाची एकच संख्या असते. तीव्रता मात्र गावोगाव वेगळी असते. नगाऱ्यावरची थाप एकच. पण तिचा आवाज गाभाऱ्यात वेगळा आणि वेशीवर वेगळा. घर पडते ते पायाखालच्या जमिनीच्या हादऱ्याने. तो हादरा अंतरावर, मातीच्या थरांवर आणि खडकावर अवलंबून असतो. म्हणून नुकसानीच्या अंदाजाला महत्तेपेक्षा तीव्रतेचा नकाशा अधिक उपयोगी.

हा नकाशा यंत्रांच्या आधी माणसांनी काढला. १८१९ च्या कच्छच्या भूकंपाचे तपशील तेथील रेसिडेंट कॅप्टन जेम्स मॅकमर्डो याने मुंबईच्या लिटररी सोसायटीसाठी लिहून ठेवले. १२ जून १८९७ रोजी आसामात महाभूकंप झाला, तेव्हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या रिचर्ड ओल्डहॅम याने ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून आणि इतर निरीक्षकांकडून माहिती मागवली. धक्का केव्हा जाणवला, काय पडले, काय तडकले. त्या उत्तरांवरून त्याने समान तीव्रतेच्या रेषा आखल्या. १९०५ च्या कांगडा भूकंपानंतर त्याच खात्याच्या मिडलमिस याने हेच केले. भूकंपाचे पहिले मापनयंत्र म्हणजे जिल्ह्यातला कारकून, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

हिशेबाच्या चार पायऱ्या

आजचा हिशेब चार पायऱ्यांनी होतो. पहिली पायरी हादऱ्याची: कोणत्या ठिकाणी किती तीव्रता, आणि ती किती वर्षांतून एकदा. दुसरी पायरी घरांच्या गणतीची: कोठे, किती, कशाची, किती मजली. तिसरी पायरी दुर्बलतेची: अमुक तीव्रतेला तमुक प्रकारच्या घराचे, ते नव्याने बांधण्याच्या खर्चाच्या किती टक्के नुकसान होते. चौथी पायरी कराराची: विमा किती रकमेचा, आणि नुकसानीचा किती हिस्सा धारकाने स्वतः सोसायचा.

एक काल्पनिक गाव घेऊ. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. गावात १,००० घरे. त्यांपैकी ६०० दगड-मातीची, प्रत्येकाचा बांधणीखर्च १० लाख. ४०० सिमेंट-काँक्रीटची, प्रत्येकी २० लाख. आठव्या श्रेणीच्या तीव्रतेला पहिल्या प्रकारचे सरासरी ५० टक्के आणि दुसऱ्याचे १० टक्के नुकसान धरू. पहिल्या गटाची हानी ३० कोटी, दुसऱ्याची ८ कोटी; एकूण ३८ कोटी. आता दगडी घरांत शंभरात एकाचा विमा आहे आणि काँक्रीटच्या घरांत पाचात एकाचा. म्हणजे ६ दगडी आणि ८० काँक्रीटची घरे. विम्याखालची हानी अनुक्रमे ३० लाख आणि १ कोटी ६० लाख. एकूण १ कोटी ९० लाख. गावाच्या हानीच्या जेमतेम पाच टक्के! उरलेले पंचाण्णव टक्के कोणाच्या खाती? घरधन्याच्या आणि काही अंशी सरकारच्या.

सरासरीही फसवी असते. त्या ८० काँक्रीटच्या घरांचा विमा १६ कोटींचा आहे. समजा, विमा रकमेच्या दहा टक्क्यांपर्यंतची हानी धारकाने स्वतः सोसायची, अशी अट आहे. प्रत्येक घराचे नेमके दहा टक्के नुकसान झाले, तर कंपनीला एक रुपयाही द्यावा लागत नाही. पण ६४ घरे धडधाकट राहिली आणि १६ घरांचे प्रत्येकी पन्नास टक्के नुकसान झाले, तर कंपनीला १ कोटी २८ लाख द्यावे लागतात. सरासरी दोन्ही वेळा दहाच टक्के. तेव्हा किती घरे पडली याइतकेच किती घरे उभी राहिली, हेही कळावे लागते.

तिसरी गोष्ट अशी की भूकंपाच्या विम्याला मोठ्या संख्येचा नियम सहजासहजी लागू होत नाही. मोटारींचे अपघात एकमेकांस न विचारता होतात; म्हणून हजारो मोटारींचा विमा घेतला की वर्षाचा खर्च बराच स्थिर राहतो. भूकंप मात्र एका रात्रीत सगळ्या शेजाऱ्यांच्या दारात येतो. म्हणून कंपनीला पुनर्विमा घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत याच अंदाजावर ठरते.

परदेशातील धडे

१९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भूकंपानंतर आग लागली, आणि घर हादऱ्याने गेले की आगीने, यावर कंपन्या आणि घरमालक यांच्यात मोठे वाद झाले. कारण विमा आगीचा होता. १९३२ मध्ये जॉन फ्रीमन या अमेरिकन अभियंत्याने भूकंपहानी आणि भूकंपविमा यांवर मोठा ग्रंथ लिहून प्रत्यक्ष नुकसानीच्या नोंदींवर भर दिला. तीव्र हादरे मोजणारी यंत्रे बसवावीत, हा आग्रह त्याचाच; आणि १९३३ च्या लाँग बीचच्या भूकंपात अशा यंत्रांनी पहिल्या नोंदी टिपल्या.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकावर हा हिशेब मांडणाऱ्या कंपन्या निघाल्या. पण १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला, तेव्हा विमा कंपन्यांचे पहिले अंदाज फार कमी पडले. महिन्यामागून महिना दाव्यांची रक्कम वाढत अखेर १२ अब्ज डॉलरच्या वर गेली. अनेक कंपन्यांनी तेथे घरांचे नवे विमे देण्यात हात आखडता घेतला आणि १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाला त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापावे लागले. तिकडे निदान दाव्यांच्या फायली उरल्या. त्यांवरून दुर्बलतेचे आकडे सुधारता आले. आपल्याकडे विमाच नाही, तर दाव्यांच्या फायली कोठून येणार? आपल्याकडे त्यांची जागा घेणारा एकच कागद आहे: पंचनामा.

कोयना आणि किल्लारी

भारतीय मानक १८९३ या संहितेचा पहिला भूकंपपट्ट्यांचा नकाशा १९६२ चा. त्यात दख्खनचा मोठा भाग शून्य क्रमांकाच्या पट्ट्यात होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला सुमारे ६.३ महत्तेचा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या वर माणसे गेली आणि कोयनानगरची घरे जमीनदोस्त झाली. धरणात बसवलेल्या यंत्राने तो हादरा टिपला आणि ती नोंद जगभरच्या अभियंत्यांनी अभ्यासली. १९७० च्या सुधारणेत शून्याचा पट्टा गेला आणि कोयनेचा परिसर चौथ्या पट्ट्यात आला.

किल्लारी त्या वेळी पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धोक मानलेल्या पट्ट्यात राहिली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी तेथे सुमारे ६.२ महत्तेचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. जवळपास तीव्र हादरे टिपणारे यंत्र नव्हते. तेथली तीव्रता पुन्हा जुन्याच पद्धतीने, म्हणजे पडझड पाहून ठरवावी लागली. २००२ च्या संहितेत पहिला पट्टाही रद्द झाला आणि लातूरचा परिसर तिसऱ्यात गेला. दोन्ही वेळा भूकंप आधी, नकाशातील सुधारणा नंतर.

मी तेव्हा पुण्यात एम.ए.च्या वर्गात होतो. विद्यार्थ्यांच्या एका तुकडीबरोबर औसा तालुक्यात गेलो आणि पंधरा दिवस एका तलाठ्यांच्या हाताखाली पंचनाम्याचे कागद लिहिले. कागदावर रकाने मोजके: घरमालकाचे नाव, मृत, जखमी, जनावरे, घर पूर्ण पडले की अंशतः. माझ्यापुढे आलेल्या एकाही घराला विमा नव्हता.

मराठवाड्यातले ते घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या, ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या भिंती. वर लाकडी खांब-तुळयांवर माळवद. पाऊस गळू नये म्हणून माळवदावर वर्षानुवर्षे माती चढवायची. उन्हाळ्यात थंड आणि दरोडेखोरांपासून सुरक्षित असे ते घर. पण हादऱ्याला भिंतीचे बाहेरचे आणि आतले दगड एकमेकांपासून सुटले आणि सारा भार माणसांवर आला. गावातले मोठे वाडे पडले. गावकुसाबाहेरची कुडाची आणि पत्र्याची घरे पुष्कळ ठिकाणी टिकली. घराची किंमत आणि घराची सुरक्षितता यांचा असा उलटा मेळ मी अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात वाचला नव्हता.

एका घरापुढे एक म्हातारी बसली होती. घर उभे होते. मी 'अंशतः' लिहिले. ती म्हणाली, "लेकरा, भिंत उभी हाय खरी, पर तिनं पोट काढलंय. आत निजावं का न्हाई, ते लिव्ह की तुझ्या कागदात." कागदात तसा रकाना नव्हता. मी तलाठ्यांकडे पाहिले. ते म्हणाले, "पूर्ण किंवा अंशतः, तिसरे नाही." आणि आम्ही पुढे गेलो. तिच्या घरामागे चार पत्र्याची घरे जशीच्या तशी उभी होती. तेथे कोणी थांबलेच नाही, कारण जे पडले नाही त्याचा पंचनामा करायचा नसतो.

तलाठ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पंचनामा मदतवाटपासाठी असतो आणि त्या कामी तो पुरेसा ठरला. लवकरच घरांच्या प्रतवाऱ्या झाल्या, जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला, ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि तेरा जिल्ह्यांत लाखाच्या वर घरांची दुरुस्ती-मजबुती झाली. स्थलांतरित गावांतील घरांचे आकारमान जमीनधारणेवर ठरले: भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. म्हणजे भरपाईचे माप प्रत्यक्ष हानी हे नव्हतेच. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने त्यावर वाद होऊ शकतो. पण विम्याच्या दृष्टीने पाहता हानीची संख्या नोंदण्याची गरजच त्यामुळे उरली नाही.

अभ्यासकाला हवे असते ते गुणोत्तर: त्याच गावात, त्याच हादऱ्याला, दगड-मातीच्या शंभर घरांपैकी किती पडली, किती तडकली, किती सुखरूप राहिली. आपल्या पंचनाम्यात अंश असतो, छेद नसतो.

ॲटलास, भूज आणि नंतर

किल्लारीनंतर केंद्र सरकारने डॉ. आनंद स्वरूप आर्य यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला, आणि १९९७ मध्ये बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान प्रोत्साहन परिषदेने भारताचा दुर्बलता ॲटलास प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक जिल्ह्यातील घरे, जनगणनेतील भिंतींच्या आणि छपरांच्या साहित्यावरून वर्गवारी करून, धोक्याच्या पट्ट्यांशी जोडली आहेत. छेद मिळवण्याचा हा देशपातळीवरचा मोठा प्रयत्न होता. त्याच्या सुधारित आवृत्त्या २००६ आणि २०१९ मध्ये निघाल्या. २०११ च्या जनगणनेत तर दगडी भिंत चुन्या-सिमेंटात बांधलेली आहे की नाही, हेही वेगळे विचारले गेले. घरयादीतला हा एक रकाना भूकंपाच्या हिशेबात फार मोलाचा आहे. मात्र २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. तिसरी आवृत्तीही २०११ च्या घरांवरच उभी आहे.

२६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपाने दुसरा धडा दिला. केंद्रापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत काँक्रीटच्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी पुष्कळ इमारतींत तळमजला मोटारींसाठी मोकळा, खांबांवर उभा होता. घरयादीत अशा इमारतीची भिंत 'पक्की' आणि छप्पर 'काँक्रीट' असेच लिहिले जाते. खालचा मोकळा मजला कोठे नोंदला जात नाही. गुजरातने मात्र पंचनाम्यात पुढचे पाऊल टाकले. 'पूर्ण की अंशतः' यावर न थांबता घरांची हानी जी-१ ते जी-५ अशा श्रेणींत मोडली, अभियंत्यांची पथके फिरवली आणि मदतीचे हप्ते तपासणीशी जोडले. किल्लारीच्या म्हातारीला हवा होता तो रकाना आठ वर्षांनी कच्छमध्ये निघाला.

जपानमध्ये १९६६ पासून घरांच्या भूकंपविम्याची सरकारपुरस्कृत योजना आहे. तेथे तडा न् तडा मोजत बसत नाहीत. घर चारांपैकी एका श्रेणीत टाकतात आणि विमा रकमेच्या १००, ६०, ३० किंवा ५ टक्के देतात. ही सध्याची विभागणी २०१७ पासूनची. तुर्कस्तानने १९९९ च्या भूकंपानंतर घरांचा भूकंपविमा सक्तीचा करून २००० मध्ये त्यासाठी सामाईक निधी उभारला. श्रेणीवार पंचनामा हाच विम्याचा दावा होऊ शकतो, हे जपानने दाखवून दिले आहे. आपल्या महसूल यंत्रणेला ते अवघड जाण्याचे कारण दिसत नाही.

आपल्याकडे जुन्या आग-विम्यात भूकंप हे वेगळे अधिमूल्य भरून जोडून घ्यायचे कलम होते, आणि 'आपल्या भागात कोठला भूकंप' म्हणून बहुतेक जण ते सोडून देत. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आणली. तिच्यात भूकंप अंतर्भूत आहे आणि इमारतीची विमा रक्कम चटईक्षेत्र गुणिले बांधणीचा दर अशी काढायची असते. जमिनीची किंमत आणि बाजारभाव त्यात धरत नाहीत. घर घेतलेल्या वाचकांनी आपला कागद काढून ही रक्कम एकदा ताडून पाहावी, ही विनंती.

पुन्हा जयपूर

जयपूर दुसऱ्या, म्हणजे २००२ च्या नकाशातील सर्वांत खालच्या पट्ट्यात येते. शेजारच्या अलवर जिल्ह्याचा भाग चौथ्यात. १७२७ मध्ये वसवलेल्या परकोट्यातली जुनी घरे दगड-चुन्याची. छपरे बहुधा दगडी पट्ट्यांची, भिंतींवर नुसती टेकवलेली. शहराबाहेर मानसरोवर, वैशालीनगर, जगतपुरा येथे मोकळ्या तळमजल्यावरच्या नव्या इमारती. एकाच शहरात किल्लारीची आठवण आणि अहमदाबादची आठवण शेजारी-शेजारी उभी आहे. येथे मोठा भूकंप येईल, असे मी म्हणत नाही. किल्लारीला १९९२ मध्ये तसे कोणी म्हणाले नसते, एवढेच म्हणतो.

त्या पहाटे शहरात विशेष काही पडले नाही, म्हणून कोठे फारसे काही लिहिलेही गेले नाही. पण ४.४ महत्तेच्या धक्क्याला कोणत्या मोहल्ल्यात कोणत्या प्रकारची किती घरे तडाही न जाता उभी राहिली, ही माहिती पुढच्या अंदाजासाठी बहुमोल होती. शाळांचे शिक्षक, पाण्याचे मीटर वाचणारे किंवा पालिकेचे करवसुली कर्मचारी यांच्याकडून एका आठवड्यात ती गोळा झाली असती. ओल्डहॅमने १८९७ मध्ये टपालाने जे मागवले, ते आज भ्रमणध्वनीवर मागवता येते. त्यासाठी नवा कायदा नको. पंचनाम्याच्या नमुन्यात चार रकाने वाढवले तरी पुरे: भिंत कशाची, छप्पर कशाचे, तळमजला मोकळा की भरलेला, हानीची श्रेणी कोणती. आणि एक सूचना: प्रत्येक दहा पडलेल्या घरांमागे शेजारच्या दहा न पडलेल्या घरांचीही नोंद करावी. ते कागद मदतवाटप संपताच बासनात न बांधता अभ्यासकांना खुले करावेत. विम्याचा दर त्यामुळे खाली येईल की वर जाईल, हे मी सांगू शकत नाही. पण तो कशावर ठरला, हे तरी घरधन्याला विचारता येईल.

शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला दहा दिवस लागले. माझ्या घराचा विमा बांधणीखर्चाप्रमाणे वाढवून घेतला. सोसायटीच्या सभेत इमारतीच्या सामाईक विम्याचा विषय मांडला. तो पुढील सभेपर्यंत तहकूब झाला. मात्र सचिवांच्या परवानगीने दप्तरात एक पान जोडून ठेवले आहे. त्यावर बांधकामाचे वर्ष, मजले, मोकळा तळमजला, खांबांची संख्या, आणि शेवटी एक ओळ: '२१ जुलै २०२३, पहाटे ४.०९, तीन धक्के, हानी नाही.' सचिव हसून म्हणाले, "साहेब, हानी झालीच नाही, तर लिहायचे कशाला?" त्यांना किल्लारीची गोष्ट सांगितली. त्यांनी त्या ओळीखाली सही केली.